तिसरा सीझन, तुर्भे

कुणी पाहिली नाही ती मालिका.
मी पाहिली, कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला,
रात्री साडेअकरानंतर, हेडफोन लावून,
मिरचीच्या धुळीनं चुरचुरणारे डोळे
ओल्या रुमालानं टिपत.

गोष्ट साधी.
अंतराळातलं एक जहाज, भंगारात निघायच्या वयाचं.
त्यात इर्वा नावाची बाई
आणि तिची वही:
कुठला तारा कधी विझला, किती उजेड येणे बाकी.
बस्स. ती हिशेब लिहिते.
मसाला मार्केटात चोवीस वर्षं दिवाणजी आहे मी.
पहिल्याच भागात ओळखलं,
लिहिणाऱ्यानं कधीतरी खतावणी ओढलेली आहे.
बेरीज जुळेना तेव्हा
इर्वानं पेनाचं टोपण दाढेखाली धरलं.
असं कुणी शिकवून येत नाही.

पैसा नव्हता त्यांच्याकडे, ते दिसायचंच.
जहाजाचं दार लावलं की भिंत हलायची.
परग्रह म्हणजे दगडाची एकच खाण,
कधी जांभळ्या उजेडात, कधी हिरव्या.
आणि मागे लागलेला तो पशू, तारे गिळणारा,
सोळा भागांत एकदाही दिसला नाही.
पंखांचा आवाज तेवढा यायचा,
ताडपत्री झटकावी तसा.

त्या आवाजाला मी घाबरलो.
दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर कुणी खरीच ताडपत्री झटकली
आणि धण्याच्या पावतीवर माझी रेघ गेली
थेट कागदाबाहेर.

उमाजी शिरतोडेनं पाहिलं. काट्यावर असतो तो.
"दिवाणजी, कशाला दचकलात?"
तर सांगितलं.
तेव्हापासून रोज चारच्या चहाला एक भाग.
पडद्याखालची अक्षरं वाचत बसणं त्याच्यानं होत नाही,
पण प्रश्न बिनचूक:
विझलेल्या ताऱ्याचं वजन कोण करतं?
तूट कुणाच्या नावावर टाकतात?
त्या जनावराला पाणी कुठं मिळतं?
मी हे प्रश्न घरी न्यायचो,
तोच भाग पुन्हा लावायचो.
पहिल्या दोघांची उत्तरं होती त्यात. खरंच होती.
पाण्याचं नव्हतं.

मग दुसऱ्या सीझनचा शेवट.
इर्वा वहीचं शेवटचं पान उघडते.
त्यावर आधीच काहीतरी लिहिलेलं, तिच्याच अक्षरात.
ती वाचायला ओठ हलवते
आणि पडदा काळा.
पुढे काही नाही. बंद केली.
बघणारे कमी पडले म्हणे.
खिडकीत उभा राहिलो बराच वेळ.
समोरच्या इमारतीत एका घरात दिवा होता,
तिथे जाऊन बेल वाजवावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उमाजीनं दोन कटिंग सांगितले,
हळदीच्या गोणीवर टेकला.
"हं. काय लिहिलेलं मग?"

मी चहावरची साय बाजूला केली.
म्हणालो, "मागील पानावरून पुढे."

"वा," उमाजी म्हणाला.

पाच महिने झाले त्याला.
जहाजाला आता दगडफुलाचा वास येतो.
इर्वा एका ग्रहावर उतरली,
तिथे खाडी आहे, चिखलात एका पायावर उभे गुलाबी पक्षी,
आणि अर्धा कापलेला डोंगर.
खाणींची आपल्याकडे कमी नाही.
तिथे एक तोलणारा भेटला तिला,
तिच्या वहीतली एक चूक त्यानं काढली,
नाव अजून ठेवलेलं नाही त्याचं.
कधी रात्री सुचत नाही,
तर सकाळी ऐरोलीपर्यंत उगाच चालून येतो.

काल उमाजी बोलता बोलता म्हणाला,
भाच्यानं मोबाईलवर शोधली ती तुमची मालिका.
दिवाळीतच.
मी पावतीपुस्तक उघडलं, मिटलं.
दोन ट्रक वजन करून गेले मध्ये,
गुंटूरची मिरची, बारा टनांच्या वर.
सगळी गल्ली शिंकली.

मग तो काट्याच्या आकड्याकडे बघत म्हणाला,
"ते जनावर दाखवू नका हं, दिवाणजी.
आवाजच बरा."