कलम २१४ आणि इतर

हार्लिंगेनच्या बंदराकडं तोंड केलेल्या खोलीत
वीत्स्के तर्पस्ट्रा तेराशे कलमं वाचते आहे
अजून न बांधलेल्या एका दरवाजाची.
बाहेर ओहोटी. चिखलात कलंडलेल्या बोटी,
त्यांच्यावर भांडणारे कुरव.

कलम २१४: शंभर वादळांत नव्व्याण्णव वेळा
दरवाजा बंद झालाच पाहिजे.
बरोबर.

कलम ३९०: पंपाची खात्री शंभरात नव्व्याण्णव.
कलम ४०२: तारेचीही तेवढीच.
कलम ४५७: पाणी मोजणाऱ्या डोळ्याची, तेवढीच.
हेही बरोबर. तीन गावांतल्या तीन कंपन्यांनी
मनापासून केलेल्या सह्या.

समोर संगणक असूनही
ती समासात पेन्सिलीनं गुणाकार करते.
नव्व्याण्णव, त्यातले नव्व्याण्णव,
पुन्हा त्यातले.
सत्त्याण्णव उरतात.
दोन वादळं कुणाच्याच पानावर नाहीत.

कुणी खोटं बोललेलं नाही,
हेच तर सांगायला अवघड.
खोटं असतं तर एका ओळीत सापडलं असतं.
हे पानांच्या मधे आहे, शिवणीत,
जिथं शाई पोचत नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण नुसतं म्हणतो;
या गावात भिंतीला तळवा लावून बघतात.

हिड्डे म्हणतो, प्रोग्रॅमनं रात्रभर तपासलं,
'हवं' आणि 'नको' समोरासमोर कुठंच आले नाहीत.
साहेब म्हणतात, दोन टक्के, वीत्स्के. आणि करार शुक्रवारी.

ती पुढं वाचते.
कलम ६१८: दुरुस्तीसाठी दरवाजा
वर्षातून चौदा दिवस उघडा ठेवता येईल.
कुठले चौदा?
हे जुन्या दरवाजाच्या कागदातून जसंच्या तसं उचललेलं,
लिहिणारा शूर्ट, आता निवृत्त, मधमाश्या पाळतो.
ती फोन लावते.

"अगं, जूनमध्येच की!
वादळाच्या दिवसांत कोण उघडं ठेवेल?"
"कुठं लिहिलंय?"
पलीकडं गप्प. मागं किटली शिट्टी घालत राहते,
कुणी उतरवत नाही.
"आम्हाला माहीत होतं," तो म्हणतो, हळू,
"सगळ्यांनाच."

ती एक शब्द घालते: जूनमध्ये.
त्या शब्दाला आज काही त्रास नाही.

मग पुन्हा २१४ वर येते,
त्या दोन वादळांशी.
पेन्सिल टोक मोडेपर्यंत दाबते,
आणि 'बरोबर' खोडत नाही,
त्याच्यापुढं फक्त लिहिते:
कुणी मिळून?

खिडकीखाली बोटी एकेक करून
सरळ होऊ लागल्यात.