दोन आडव्या रेघा

पहिल्या दिवशी पानावर एक चौकोन उमटला
आणि त्याखाली बटण: "हवा सांग".
दाबलं तरी काही होत नव्हतं,
पण ते दाबलं जात होतं
याचंच मला दिवसभर कौतुक.
दाल्काउएच्या फेरीवर तिकिटं फाडताना
माझा अंगठा प्रत्येक तिकिटाचा कोपरा
उगाच एकदा दाबून बघत होता.

शिकवायला ओतिलिया चिगुआय.
आचाओच्या वाचनालयात, बुधवारी आणि शुक्रवारी, सहा ते आठ.
"कंस उघडला की मिटायचा," ती म्हणायची,
दार सताड टाकून जाणाऱ्या पोरांना म्हणावं तसं.
पोरं चार होती, मी पाचवी, एकेचाळीस वर्षांची,
आणि कंस उघडे माझेच राहायचे.

मग उत्तर यायला लागलं.
उत्तर एकच: अनडिफाइन्ड.
बेलार्मिनोमामाने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
"हे कुठलं वारं?"
त्याला बारा वाऱ्यांची नावं पाठ. हे तेरावं.

एका रात्री आकडा आला. दोनशे छप्पन्न.
मामा शिंपल्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होता.
"बरं झालं," म्हणाला, "समुद्रच शिजला म्हणायचा,
आता खड्डा खणायला नको, दगड तापवायला नकोत."
ओतिलियाने समजावलं:
हे माप आपल्या शून्यापासून सुरू होत नाही,
त्याचं शून्य फार खाली आहे, जिथे काहीच हलत नाही.
दोनशे त्र्याहत्तर वजा कर.

केले.
उणे सतरा.

जानेवारी. अंगणात लसणाच्या जुड्या वाळत होत्या,
भिंतीवरची लाकडी खवलं तापून करकरत होती,
गोमाशा मानेवर बसत होत्या
आणि माझ्या पानावर बर्फ पडत होता.
सहा पाकळ्यांचा,
मीच हौसेने काढून ठेवलेला,
कधीतरी लागेल म्हणून.

तीन रात्री मी वजाबाकी तपासली.
बोटांवर, कागदावर, तिकिटाच्या पाठीमागे.
वजाबाकी बिचारी बरोबर होती.

चौथ्या रात्री सापडलं.
अक्षांश बेचाळीस पूर्णांक सत्तेचाळीस,
रेखांश त्र्याहत्तर पूर्णांक एकोणपन्नास,
आणि दोन्हींच्या आधी हवी होती एकेक आडवी रेघ,
तुटलेल्या काडीएवढी.
ती नव्हती म्हणून आमचं बेट
चर्चसकट, धक्क्यासकट, मामाच्या बोटीसकट
पृथ्वीच्या पोटातून आरपार जाऊन
किर्गिझस्तानच्या डोंगरात पडलं होतं.

मला वाटलं मामा हसेल.
तो दोरी खाली ठेवून म्हणाला,
"म्हणजे ते खोटं बोलत नव्हतं.
दुसऱ्याच्या गावाबद्दल खरं बोलत होतं."

रेघा घातल्या. सोळा अंश, तुरळक ढग, वारा दक्षिणेचा.
मामाने दार उघडून खात्री केली.
"बरोबर आहे," म्हणाला. "पण दार लवकर उघडतं."

ओतिलियाने टाळ्या वाजवल्या, पोरांनी वाजवल्या.
मी घरी आले आणि झोप येईना.
तीन रात्री ज्या बर्फाकडे टक लावून बसले
तो पुसला गेला होता.
आमच्या रात्री नऊला तिकडे सकाळचे सहा.
कुणीतरी उठलं असेल, चूल पेटत नसेल,
गोठ्याची कडी गारठून हाताला चिकटत असेल.
उणे सतरा त्यांच्या अंगावर होतं
आणि मी त्याला चूक म्हणत होते.

म्हणून पानाच्या तळाशी एक ओळ वाढवली,
बारीक अक्षरात, तेच आकडे, रेघांशिवाय.
ओतिलिया म्हणाली, "याचा उपयोग काय?"
मी म्हटलं, "कंस मिटतेय."

आता मार्च.
मामा बोट काढण्याआधी वरची ओळ वाचत नाही,
वरच्या ओळीसाठी त्याला दार आहे.
तो वाकून खालच्या ओळीवर बोट ठेवतो,
बोटाला डिझेलचा वास, स्क्रीनवर ठसा उमटतो,
आणि विचारतो,
"तिकडे वितळायला लागलं का?"