कानस

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात, सेले गावी,
जनरल फॉन ट्रोसिन दुकानात आले
आणि काउंटरवर रुमालाची घडी उलगडली.
"कायदा झालाय. क्रॉस पुन्हा घालता येईल.
मधलं चिन्ह तेवढं काढा."

मी भिंग डोळ्याला लावलं.
कडा चांदीची, पोटात लोखंड, वर काळा रंग.
कानस फिरू लागली तसे ते बोलू लागले:
सोळा साली लेफ्टनंट, मांडीत गोळी.
मग पोलंड, तेरा दिवस.
मग नदी.
नाव घेत नाहीत, नुसतं नदी म्हणतात,
जगात एकच असल्यासारखं.
अकरा दिवस पूल धरला, त्याचा हा.

माझा भाऊ आल्विन
नवव्या दिवसापर्यंत त्या पुलावर होता.
मी बोललो नाही.
कानस चालू असताना सोनारानं बोलू नये,
हात घसरतो.

पलीकडच्या काठाला एक गाव होतं.
ते त्यांच्या बोलण्यात आलं नाही,
आल्विनच्या पत्रात आलं होतं:
"इथे चुली तेवढ्या उभ्या आहेत."

रंग भरला, वाळवला.
"दिसतंय का काही?"
डोळ्याला नाही, म्हटलं. अंगठा फिरवू नका.

साडेचार मार्क झाले. पाच दिले,
सुटे ठेवा म्हणाले.

रात्री दुकान झाडलं.
चांदीचा कीस मी डबीत साठवतो, नाताळात आटवतो.
लोखंडाला मोडीतही भाव नाही,
तरी केरात टाकवेना.
चिमूटभर काळं, कागदाच्या पुडीत.
पुडीवर काय लिहायचं
ते राहूनच गेलंय.