सहा वजा एक

"सर, चान्स किती?"
सुकांती वेळीप, संख्याशास्त्र, दुसरं वर्ष,
वर्गात एकूण सहा जण.
हातात प्लास्टिकचं फोल्डर, आत गुणपत्रिका,
फोल्डरला घामानं चिकटलेलं
रिवण-केपे बसचं तिकीट.

मी सवयीनं फळ्याकडे वळलो.
गेल्या वर्षी त्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला
रिकाम्या झालेल्या जागा : तीन.
अर्ज : दोनशे चौदा.
म्हणजे शेकडा दीडसुद्धा नाही.
खडू ठेवला. तिनं तो उचलला.
"पण सर, पिशवीतले सगळे चेंडू
सारखे असले तरच ना?"

हे मीच शिकवलं होतं, जूनमध्ये,
वीज गेली होती
आणि ती एकटीच लिहून घेत होती.

मग बसलो दोघं हिशेबाला.
सरासरी नऊ पूर्णांक एक, अधिक.
आमच्या कॉलेजचं नाव तिकडे कुणी ऐकलेलं नाही, वजा.
केपे कुठे आहे हे पत्रात एका वाक्यात सांगावं लागेल
आणि ते वाक्य मडगावपासून सुरू करावं लागेल.
चौदापैकी अकरा विषय जुळतात.
फीचा आकडा तिनं मला लिहू दिला नाही.
"पप्पा बघतो म्हणालेत."
तिचे पप्पा पाडेली.
माडाच्या शेंड्यावरून कुशावतीचं वळण दिसतं,
पुढचं दिसत नाही.

जागा रिकामी होते म्हणजे नेमकं काय होतं?
तिथला एक मुलगा, मला नाव ठाऊक नाही,
आजारी पडतो, किंवा परदेशी जातो,
किंवा एका सकाळी उठून ठरवतो
की आपल्याला पखवाज शिकायचाय.
त्याच्या बाकावर खालचं कुणीतरी चढतं,
त्या कुणाच्या तरी बाकावर त्याच्याही खालचं,
आणि ती रिकामी जागा एकेक पायरी उतरत,
घाट उतरत,
येऊन बसते आमच्या खिडकीजवळ
दुसऱ्या बाकावर.
तिथून ती हलत नाही.
आमच्याकडे बदली मागून कुणी येत नाही.

सहापेक्षा कमी झाले तर तिसऱ्या वर्षाचा वर्ग बंद,
असा नियम. प्राचार्य ब्रागांझांनी
चहात बिस्किट बुडवता बुडवता
तो मला आठवून दिला.
"पत्र लिहा हो, कोण नको म्हणतो,
फक्त बेतानं."
बिस्किट तुटून कपात पडलं.
उरलेले पाच जण भूगोलाला जातील, किंवा जाणारही नाहीत.
मला फोंड्याला दोन तास मिळतील, तासावर.

शिफारसपत्राची एक भाषा असते.
'मेहनती, नियमित, मनमिळाऊ' लिहिलं
की वाचणारा कागद उलटा ठेवतो.
तीन शब्दांत मुलगी अडवता येते,
आणि तिला वाटत राहतं
सरांनी किती चांगलं लिहिलं.

मी ते तीन शब्द लिहिले.
खोटं कशाला सांगू? लिहिले,
रात्रभर टेबलावर ठेवले,
बाहेर कुणाच्या तरी बागेत काजूची बोंडं कुजत होती,
खोलीभर तो गोड, आंबूस वास.

सकाळी खोडले.
वीज गेलेली, ती एकटी लिहिणारी,
आणि चेंडूंचा तो प्रश्न, एवढंच लिहिलं.
शेवटी : ही मुलगी माझी गृहीतकं तपासते.
सही केली. शिक्का जरा तिरका पडला.

"सर, आता किती?"
"दोन टक्के," मी म्हटलं.
ती हसली, म्हणाली, "वाढले की!"
आणि पावणेपाचची बस चुकेल म्हणून पळाली.

निकाल मेअखेर.
तोवर रोज हजेरी घेतो,
एक, दोन, तीन, खिडकीजवळ चार, पाच, सहा.
आकडा बरोबर येतो
आणि मला बरं वाटतं,
आणि मग बरं वाटलं म्हणून
मस्टरमधून लगेच मान वर करवत नाही.