दाबाची वही

पसरणीचा घाट चढून मी वर्षातून दोनदा येतो,
दसरा झाल्यावर एकदा, होळी विझल्यावर एकदा.
डिकीत पाने, गेज, ग्लायकॉलचा कॅन
आणि वाईहून दारूवाला सरांसाठी पेढे,
जे त्यांना चालत नाहीत.

बंगल्यामागे सिल्व्हर ओकच्या रांगेत तीन बोअर आहेत.
पाचगणीत अजून कुणाला पटत नाही:
तीनशे फूट खणलं, आणि पाण्यासाठी नाही?
वर जांभा, खाली काळा दगड,
त्यातून नळी उतरते, वळते, परत येते
थोडी ऊब मागून.
सर म्हणायचे, मुलाणी, ही उसनवारी आहे.
थंडीत घ्यायची, उन्हाळ्यात फेडायची.
जमीन तगादा लावत नाही,
म्हणून आपण वही ठेवायची.

वही पंपाशेजारी खिळ्याला.
सात वर्षं तेच तिरकं, निळं अक्षर:
आत एकवीस. बाहेर सतरा. दाब एक पूर्णांक आठ.

गणपतीनंतर अक्षर बदललंय.
पेन्सिल. आकडे नाहीत.

आज कोमट.
पाव्हणे आलेले, लई चालला.
आवाज जाड.
आवाज अजून जाड. नळी हाताला गार.
सरांचा पुण्याहून फोन. बरा आहे म्हणून सांगितलं.

हौसाबाई दारात उभी.
काटा बारीक आहे, म्हणाली, मला दिसत नाही.

गेज लावला. एक पूर्णांक एक.
ती लिहिते त्याच आठवड्यात कधीतरी
जोडाला पाझर लागला असणार.
जाळी उघडली तर गाळ, चहाच्या चोथ्यासारखा.
कॉन्टॅक्टरमध्ये मेलेल्या मुंग्या,
पॅनेलच्या कोपऱ्यात पालीचं एक अंडं, फुटलेलं, रिकामं.
सगळं पुसलं. जोड आवळला.
हवा काढताना नळी आधी शिंकते,
मग खोकते,
मग नुसती वाहते.
बटण दाबलं.

तवा तापला का बघावा
तसा तिने नळीवर हात ठेवला, उचलला,
परत ठेवला.
पातळ झाला, म्हणाली.

मी तारीख घातली. एकवीस, सतरा, एक पूर्णांक आठ.
खाली, तिची पेन्सिल मागून घेऊन,
आवाज पातळ.

पेढ्यांचं काय करू, मी विचारलं.
ठेवा की, म्हणाली.
त्यांना तसेही कुठे चालत होते.