एकच किल्ली

विट्याचा सरकारी दवाखाना, खोली नंबर नऊ.
पंखा आहे, दाराला कडी नाही.

गलाईवाला कोईमतूरहून यात्रेला आला होता.
रिपोर्ट बघून म्हणाला,
"घरात कळता कामा नये."
"तुम्हीच सांगा तिला," म्हणाले.
हो म्हणाला,
आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला.
कागद ड्रॉवरमध्ये, कुलूपबंद.

त्यानंतर बाजारात सुलन दिसायची.
"मॅडम, गवारी कवळी हाय, घ्या."
मी पिशवी पुढं करायची,
बघायची मात्र गवारीकडंच.

आज ती आत आली.
खुर्ची सोडून स्टुलावर टेकली,
बांगड्या कोपराकडं सारल्या.
"माझंबी रगत बघा.
आन् त्यास्नी सांगू नगा."

ड्रॉवरला किल्ली एकच.
दिवसभर माझ्या मुठीत
घामेजत राहिली.