चार बोटं वर

परवान्यावर आता माझं नाव आहे:
सुनेत्रा वासुदेव घाडी, वारस, शेती संरक्षण.
शिक्का जरा तिरका बसलाय.
हवालदाराने ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून दिली,
म्हणाला, ताई, एसटीत आडवी धरू नका.

तातू मेस्ताच्या पडवीत शिकायला बसले.
मला वाटलं, पहिला धडा नेमाचा असेल,
निदान दारूच्या मापाचा.
त्याने नुसता गज हातात दिला.
"आधी ह्यो घाल. भरलेली आसा काय रिकामी
ता बंदूक सांगणा नाय. गज सांगता."

लोखंडावर लोखंड वाजायला हवं होतं.
वाजलं भद्द,
पिकल्या फणसावर थाप पडावी तसं.
गजावर एक खाच आहे,
रिकाम्या नळीत ती तोंडाशी टेकते.
ती चार बोटं वर राहिली.

तातूने स्वतःची बोटं लावून पाहिली. परत पाहिली.
"तुज्या बापाशीन भरून ठेवल्यान हा."

म्हणजे अकरा महिने ठाण्याच्या कपाटात,
आणि त्याआधी, पंचायतीच्या निवडणुकीला जमा केली तेव्हाही,
कारकुनाच्या पाठीमागे, भिंतीला टेकून,
भरलेली.
तातू हसला. मग हसायचा थांबला.

बोंडीतून पाणी सोडून रात्रभर भिजत ठेवली.
सकाळी गजाच्या टोकाला मळसूत्राचा आकडा लावून
त्याने हलक्या हाताने फिरवत एकेक बाहेर काढलं:
काथ्याचा बोळा, सहा छर्रे,
कागदाची गुंडाळी,
आणि शेवटी दारू, तव्याच्या काजळीसारखी.

कागद उन्हात उलगडला. कॅलेंडरचा तुकडा.
सोमवार, सतरा. पेन्सिलीने: दूध बंद.
बाबांचं अक्षर, त्यातला द नेहमीसारखा पोटफुगा.
गाय विकली तो महिना.
बाबा गेले त्याच्या दोन वर्षं आधीचा.

दोन वर्षं रोज जेवण उरकून
कांबळं, बॅटरी, बंदूक घेऊन माणूस माळ्यावर जात होता.
सकाळी आई विचारायची, आज तरी?
"वारा उलटो होतो. वास लागलो त्यांका."
आम्ही वाऱ्याला शिव्या घालायचो.

तातू पुढे शिकवत राहिला.
दारू या बांबूच्या नळकांड्याने, डोळ्याच्या अंदाजाने कधीच नाही.
तोंडावर तोंड आणायचं नाही, गज ठासतानाही.
हवा दमट, म्हणून दारू चुलीवरच्या मडक्यात नाही, उन्हात.
"आणि केप सगळ्यात शेवटाक. जनावर दिसल्यार.
केप लावलीस म्हणजे मन लावलंस."
बार काढल्यावर धूर होतो, त्याच्यापलीकडे काहीच दिसत नाही,
लागलं की चुकलं, ते धूर निवल्यावर कळतं.
तेवढा वेळ उभं राहता यायला हवं, म्हणाला.

अमावास्येनंतर चौथ्या रात्री माळ्यावर चढले.
स्वतः भरली. दारू, आजच्या तारखेचा कागद,
सहा छर्रे, काथ्या.
गज घातला: चार बोटं.
फळीला एका जागी खोलगट गुळगुळीतपणा होता,
माझं कोपर त्यात थोडं सैल बसलं.
इथून सड्याची कड संपते आणि समुद्र लागतो,
ट्रॉलरचे दिवे रांगेत, एखादा रांग सोडून.
बॅटरी न लावता हे सगळं दिसतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला ती आली.
मादी, मागे पाच पिल्लं, रताळ्याच्या वाफ्यात.
तोंडाचा मचमच आवाज, मुळं तुटल्याचा आवाज.
वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता,
ओल्या मातीचा, केसाळ वास.
केप मुठीत होती.
मूठ घामेजली.

सकाळी आईने विचारलं.
म्हटलं, वारा उलटा होता.
तिने चहात साखर घातली, ढवळत राहिली.
मग मी खाली जाऊन
उपटलेले वेल मोजले.
एकतीस.